तोंडात टाचण्या

४ मार्च

दादा,

पत्राचा मायना कसा लिहायचा ते शाळेत शिकवलं होतं, पण ते सगळे मायने मोठ्या माणसांसाठी होते आणि घर सोडताना तू काही मोठ्या माणसासारखा वागला नव्हतास. म्हणून नुसतं दादा. नवा फोन नंबर तू दिला नाहीस, पत्ता तेवढा दिलास, तेव्हा ही लिखापढी तुझ्यामुळेच.

बाबांच्या तोंडात गाठ निघाली आहे. डाव्या बाजूला, खालच्या हिरडीपाशी. आधी नुसती जखम होती, ती बरी होईना. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मला दिसलं ते एवढंच, की शिवताना टाचण्या ते ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरायला लागले. आयुष्यभर डावीकडे धरणारा माणूस. विचारलं तर म्हणाले, "दाढ दुखते." मग ती दाढ आपली आपण हलायला लागली, तेव्हा मी दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांना घेऊन गेले. तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. लिहिल्यावर हा शब्द केवढासा दिसतो.

टाचण्यांमुळे झालं का, हे मी सगळ्यात आधी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, नाही. तेवढ्यानं मला बरं वाटलं, जसं काही बाकी सगळं ठीकच होतं.

जबड्याचं हाड हनुवटीपासून डाव्या कानाखालपर्यंत काढणार आहेत. तिथे पायातलं हाड बसवणार. नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असतं, त्याच्यावाचून माणसाचं अडत नाही म्हणे. ते त्याच्या रक्तवाहिनीसकट आणि वरच्या कातडीच्या तुकड्यासकट काढायचं, धातूची पट्टी आणि स्क्रू लावून जबड्यात बसवायचं, आणि ती रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला शिवून टाकायची. डॉक्टरांनी बाबांच्या जबड्याचा प्लास्टिकचा नमुना टेबलावर ठेवला. चांगली उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटी करून त्यावरून डावी बनवली होती. बाबांनी तो उचलला, फिरवून बघितला, गळ्यातली टेप काढून मोजला. दवाखान्यातही टेप गळ्यात होती, मी किती सांगितलं तरी.

"पायाचं हाड सरळ," बाबा म्हणाले. "जबडा गोल. जमवणार कसं?"

"मध्ये दोन ठिकाणी पाचरीसारखा तुकडा काढायचा आणि तिथे हाड वळवायचं," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे टक्स घेणार."

डॉक्टरांना टक्स माहीत नव्हते. सपाट कापडाला छातीचा आकार यावा म्हणून चिमटीत धरून शिवतात ते, असं बाबांनी स्वतःच्याच शर्टवर दाखवलं. त्या हसल्या, म्हणाल्या, अगदी तेच. त्यानंतर बाबांनी ऑपरेशनबद्दल एकच गोष्ट सांगितली, की हाड डाव्या पायाचं घ्या, उजवा पाय मशीनचा आहे. बाकी शिंपीकामच आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

आता तुझं. जाताना स्टँडवर तू मला म्हणाला होतास, बाबा स्वतःच्या तोंडानं बोलावतील तेव्हा येईन, त्याआधी पाऊल टाकणार नाही. तर बाबा तुझ्याबद्दल काही बोललेले नाहीत. उगाच आशा लावण्यात अर्थ नाही म्हणून स्पष्ट लिहिते. सोमवारी ऑपरेशन आहे. मी आहे इथे, सगळं बघेन.

चिंगी


१५ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातही एक कारखान्यातल्या कामाबद्दल. "ते खरंच काही म्हणाले नाहीत का?" असं तू विचारलं आहेस. मी लिहिलं होतं ना. आणि आता तर विचारूच नकोस, कारण आता त्यांना बोलताच येत नाही.

ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं आणि बाहेर आणलं तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. गळ्याला पुढून भोक पाडून त्यात नळी बसवली आहे, श्वास तिथून. अन्न नाकातल्या नळीतून. डावा पाय मांडीपर्यंत गुंडाळलेला. चेहरा इतका सुजला आहे की मी आधी शेजारच्या खाटेकडे गेले होते. मान हलवायची त्यांना सक्त मनाई आहे, कारण ती शिवलेली रक्तवाहिनी मानेत आहे. ती वळली, दबली, तर आत बसवलेलं सगळं मरतं. म्हणून आपले बाबा, जे दुकानात बसल्या जागी रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या पाठीवरची शिवण तपासायचे, ते सध्या छताकडे बघत पडले आहेत.

सिस्टर दर तासाला येते, तोंडात बसवलेल्या त्या पायाच्या कातडीला सुई टोचते आणि थांबते. लाल रक्ताचा थेंब आला की तुकडा जिवंत. काळपट आला की पळापळ. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू फुटलं. सिस्टरला काय सांगणार, की ह्या माणसाच्या तोंडात सुया-टाचण्या काही नव्या नाहीत? नंतर बाहेरच्या बाकावर बसून रडले.

तुला टाचण्यांची भाषा आठवते ना? ओठात टाचण्या धरून ते बोलायचे, ओठ हलवायची सोय नाही, म्हणून प, फ, ब, भ, म, व सगळे गळायचे. गिऱ्हाईक कोट घालून उभं, बाबा म्हणणार "आही आखूड हई?" आणि तू लगेच, "बाही आखूड हवी का, विचारतायत." तू नसलास तर पंचाईत. "पोट आत घ्या" म्हणाले आणि त्या जाड्या मास्तरांनी ओठ आत घेतले, ते तू अजून सांगतोस का लोकांना? मी चिंगी, माझ्या नावाला ओठ लागतच नाहीत, त्यामुळे मी टाचण्यांतही चिंगीच. तू बोका, तो टाचण्यांत ओका व्हायचास. "ओक्या, कात्री दे." आई होती तेव्हा म्हणायची, पोराला उलटी करायला सांगताय की काय.

हे उगाच आठवलं. इथे वेळ फार असतो.

बाबांना आकडे सोडले तर लिहिता येत नाही, हे इथे कुणाला माहीत नव्हतं. सिस्टरनं लहान पाटी आणून दिली, काय हवं ते लिहा म्हणून. त्यांनी काहीतरी चित्र काढलं. सिस्टरला आवडलं. मग मी पाटी पुसून परत दिली, आणखी कुणाला लागेल म्हणून.

तुझी काळजी समजते, पण यायचं काही कारण नाही.

चिंगी


२३ मार्च

दादा,

बाबांचा आवाज फुटला. गळ्यातल्या नळीला टोपण लावून बघितलं आणि आत हवा धरली. आवाज त्यांचाच आहे, जरा भिजलेला. शब्द मात्र कुणाला लागत नाहीत. खालचा ओठ डावीकडून लुळा पडला आहे, दोन ओठ एकमेकांना भेटतच नाहीत. तोंडातून ब्र काढता येत नाही असं आपण म्हणतो, ते त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं आहे. सुधारेल म्हणतात, व्यायामानं. सिस्टर मला विचारते, "तुम्हाला कळतं का हो?" मी म्हणते, थोडं थोडं.

एक गोष्ट तिलाही कळली. मला हाक मारतात आणि म्हणतात, ओकायला. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ती बिचारी भांडं घेऊन धावत आली. झालं काहीच नाही. संध्याकाळी मी आले, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. उलटी झाली तर आतले टाके उसवायचे, पित्त श्वासनळीत जायचं, म्हणून डॉक्टरांनी नळीतून जाणारं अन्न थांबवलं. नुसतं सलाईन. मळमळ थांबायची इंजेक्शनं सुरू केली. बाबा हातानं नको नको करतात. मान हलवता येत नाही, हातच हलवणार. सिस्टरला वाटतं ते इंजेक्शनला भितात. "एवढं मोठं ऑपरेशन केलंत आणि सुईला घाबरता?" म्हणते, आणि त्यांचा दंड थोपटते. फार चांगली आहे.

आता हनुवटीखालच्या टाक्यांतून लाळ झिरपायला लागली आहे. डॉक्टर म्हणाल्या, पोटात अन्न गेल्याशिवाय टाके धरणार नाहीत, आणि ओकायला होतंय तोवर अन्न देता येत नाही. त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. मी खाली त्यांच्या चपलांकडे बघत होते. टाके धरले नाहीत आणि आत पू झाला तर हाड जाईल, असंही म्हणाल्या. पायातून काढून इतक्या निगुतीनं वळवून बसवलेलं ते हाड.

बाबांचे गाल बसले आहेत. म्हणजे उजवा.

हे सगळं तुला इतकं बारीकसारीक का लिहिते आहे, ते माझं मलाच कळत नाही. मला बघितलं की ओकायला, निघाले की ओकायला. दिवसभर कानात तेच. तू असतास तर काय म्हणाला असतास कोण जाणे.

चिंगी


३० मार्च

दादा,

हे पत्र बसून वाच. वाचून झाल्यावर माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंस, तर माझी तक्रार नाही.

बाबांना एकदाही ओकायला झालं नव्हतं. ते म्हणत होते "ओका आला." टाचण्या काढून वाच. बोका आला? तू आलास का, एवढंच विचारत होते, येताजाता.

मला कधी कळलं? भांडं घेऊन सिस्टर धावली त्या पहिल्याच वेळी. तिच्या हातातलं भांडं मी बघितलं, बाबांचे डोळे बघितले, आणि मूग गिळून बसले. इंजेक्शन दिलं तेव्हा त्यांचा हात मीच धरला होता. अन्न बंद केलं तेव्हा मी मान डोलावली. टाके सुटायला लागले तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. माझा जबडा शाबूत आहे, ओठ धड आहेत.

मागचंही सांगते, म्हणजे एकदम होऊन जाईल. तो प्लास्टिकचा जबडा मोजून आम्ही बाहेर पडलो, त्याच दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा म्हणाले होते, "बोक्याला कळव. म्हणावं, मी बोलावलंय." स्वच्छ, एकेक अक्षर धड. मी घरी येऊन तुला पत्र लिहिलं आणि त्यात लिहिलं की बाबा काही बोलले नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांची दाढी करत होते. साबणाच्या फेसातून विचारलं, "बोका काय म्हणाला?" मी म्हटलं, "बघतो म्हणाला." त्यांनी गाल पुढे केला. मी वस्तरा चालवला. त्या गालाखालचं हाड दुसऱ्या दिवशी जाणार होतं, आणि मी त्यावर वस्तरा फिरवत खोटं बोलत होते. तू स्टँडवर अट घातलीस ना, त्यांच्या तोंडून ऐकायची? त्यांनी पाळली. मी निरोप पोचू दिला नाही.

का केलं, ते मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळं सांगून बघितलं. तू रागाच्या भरात येशील, पुन्हा भांडण होईल, बाबांना सोसणार नाही. सगळं बोलायला बरं आहे. खरं ते असं, की तू आलास की मी चहा करणारी होणार होते. तू गेल्यापासून दुकान मी उघडते, काज मी करते, बाबांचा चष्मा मी शोधते, आणि दुकानात कुणी नवं गिऱ्हाईक आलं की बाबा सांगतात, "मुलगा कटिंग मास्तर आहे, मोठ्या कारखान्यात." ज्या कारखान्यावरून तुमचं वाजलं, "तिथे माणसं नसतात, नुसते साइज असतात, जायचं तर जा आणि तिथेच राहा" असं जे तुला म्हणाले, त्याच कारखान्याचं कौतुक. मला वाटलं, हे दुखणं तरी माझ्या एकटीच्या वाट्याला येऊ दे. एवढ्या मोठ्या आजारात तरी त्यांनी इकडे तिकडे न बघता माझ्याकडे बघावं. दुखण्याचाही हेवा वाटू शकतो हे मला माहीत नव्हतं. आणि मग आवाज फुटल्यावर पहिला शब्द काढला तो तुझ्या नावाचा.

पाटीचं मी खोटं लिहिलं. त्यांनी काढलं होतं ते मांजर. दोन कान, मिशा, शेपूट, अगदी खडूनं कोटावर खूण करतात तसं एका रेघेत. सिस्टर म्हणाली, "अय्या, घरी मांजर आहे का?" मी म्हटलं, "होता एक बोका. निघून गेला." बाबा जागे होते. मान हलवायची नव्हती, पण डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं. पाटी मी पुसली असं लिहिलंय ना तुला? मी नाही पुसली. त्यांनी हाताच्या पंजानं पुसली आणि सिस्टरच्या हातात दिली.

म्हणजे मी निरोप दिलेला नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि तरी आवाज फुटल्यावर त्यांनी सिस्टरला विचारलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. मलाच विचारत राहिले. मी खरं सांगावं म्हणून वाट बघत होते की काय, हे आता सुचतं.

गुरुवारी डॉक्टरांनी ठरवलं की मळमळीचं कारण सापडत नाही, तर घशातून दुर्बीण घालून पोट बघायचं. त्या नव्या जबड्यातून. ढकलगाडी दारात आली. बाबांनी माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ते ओकायला म्हणत नाहीयेत. बोका आला का विचारतायत. बोका म्हणजे माझा भाऊ."

सिस्टरनं हातातलं भांडं खाटेखाली सरकवलं. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "बोका आला का, असं म्हणता तुम्ही?" बाबांनी हात वर केला. शाळेत पोरं हजेरीला करतात तसा.

"तुम्हाला हे कधी लक्षात आलं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं. तिथेही खोटं बोलले. बाबा ऐकत होते.

सुटलेल्या टाक्यांसाठी त्यांना शुक्रवारी पुन्हा आत न्यावं लागलं. हनुवटीखालची शिवण उसवून पुन्हा घातली. हाड जिवंत आहे, सुई टोचली की लाल थेंब येतो. अन्न सुरू झालं. डॉक्टर म्हणतात, निभावलं. पण हे दुसरं ऑपरेशन माझ्यामुळे झालं, ते त्यांच्या अंगावर मी शिवलंय.

काल त्यांच्याजवळ बसून मी सांगितलं, "बाबा, तुमचा निरोप मी दादाला दिलाच नाही." त्यांनी डोळे मिटले. माझा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी सोडला नाही. झटकला असता तर मला सोपं गेलं असतं.

तर निरोप आता घे. बाबांनी तुला बोलावलं आहे. स्वतःच्या तोंडानं, त्या तोंडाचं जे काही उरलंय आणि जे नवं बसवलंय त्या सगळ्यानं.

चिंगी


४ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी आज मिळाली. आधी वाटलं, माझं कबुलीचं पत्र वाचून लिहिली असशील. मग पाकिटावरचा शिक्का बघितला. तो एकोणतीस तारखेचा. माझं पत्र मी टाकलं तीसला. म्हणजे तू तेवीसच्या पत्रातूनच ओळखलंस. सिस्टर, डॉक्टर, सगळी तज्ज्ञ मंडळी खाटेशी उभी राहून ज्याला मळमळ म्हणत होती, ते तू तिकडे कापडाच्या ढिगाऱ्यात बसून एका वाचनात उलगडलंस. अजून जमतं तुला. ते पत्र लिहिताना तो शब्द मी पुन्हा पुन्हा का लिहिला होता, ह्याचं उत्तर मला आता द्यायचं असेल तर देता येईल, पण मी स्वतःला चांगली ठरवायला निघालेली नाही.

चिठ्ठी बाबांना वाचून दाखवली. जशी लिहिलीस तशीच, एकही अक्षर दुरुस्त न करता: "आआंना सांग, ओका येतोय. रजा इळाली की निघतो." ओठ न मिटता वाचायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. बाबा हसले. उजवीकडूनच हसता येतं, डावीकडे नुसती सूज हलते. मग पाकीट मागून घेतलं, चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि उशीखाली ठेवली. वाचता येत नाही, पण कुठे "ओका" लिहिलंय ते मला दाखवायला लावलं.

त्यांना आता बोलणं शिकवायला एक बाई येतात. हातात आरसा देतात आणि खालचा ओठ अंगठ्यानं वर ढकलून ब म्हणायला लावतात. बाबा तासन्‌तास बसतात, दुसरं काम नाही. ब, ब, ब. शेजारच्या खाटेवरचे आजोबा वैतागलेत. काल अंगठा लावून "बोका" म्हणाले. ब जरा फुसका होता, पण होता. त्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. आणखी एक गंमत. तोंडात बसवलेल्या कातडीवर पायाचे केस उगवायला लागलेत. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं, काढून टाकू. बाबांनी मला खूण करून सांगितलं, आतूनही दाढी करावी लागणार. वस्तरा मी धरायचा की तू, ते तू आल्यावर ठरवू.

तुझ्या चिठ्ठीत माझ्यासाठी एक शब्द नाही. तेव्हा तुला काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्यात राग शोधणं वेडेपणाचं आहे, तरी मी शोधला. एक विनंती आहे. माझं तीस तारखेचं पत्र पोचायच्या आधी रजा मिळाली, तर निघू नकोस. एक दिवस थांब, पत्र घे, वाच, मग निघ. ते पत्र तिथे दारात पडलंय आणि तू इथे माझ्या हातचा चहा पितोयस, हे मला चालणार नाही. तू थांबणार नाहीस ह्याची भीती वाटते, आणि वाचून येणारच नाहीस ह्याची त्याहून जास्त. तरी वाच.

अजून एक गोष्ट झाली, ती कुणालाच सांगितलेली नाही.

सिस्टरची पाळी बदलली, ती दुसऱ्या वॉर्डात निघाली. जाताना म्हणाली, "ओकायलाचं कळलं, पण त्याच्याआधी रोज एक शब्द म्हणायचे, तो काय होता? चिंगी का काहीतरी. मला वाटायचं तेही उलटीचंच." मी म्हटलं, "ते माझं नाव." ती म्हणाली, "अहो, मग सगळ्यात आधी तेच म्हणाले होते. टोपण लावलं ना नळीला, त्या दिवशी. तुम्ही समोरच होतात की."

मी समोरच होते. चिंगी, बोका आला? असं होतं ते, दर वेळी. मी तुला लिहिलंही आहे तेवीसच्या पत्रात, मला हाक मारतात आणि म्हणतात म्हणून. बघ काढून. पहिला शब्द तुझा निघाला, ह्या एका गोष्टीचं मी केवढं मोठं केलं, त्यापायी त्यांचे टाके उसवले, आणि पहिला शब्द तुझा नव्हताच. माझ्या नावाला ओठ लागत नाहीत. ते धडच निघत होतं, म्हणून मी ते ऐकलंच नाही. ज्याचा अर्थ लावून घ्यावा लागत होता तेवढंच कानात शिरलं. ह्याचं मला इतकं वाईट वाटलं की तुझी चिठ्ठी आल्याचा आनंदही धड झाला नाही.

आज दुपारी मी खाटेशी बसून एका कोटाची बाही टाचत होते. टाचण्या माझ्या ओठात. बाबांनी हाक मारली, "चिंगी." मी टाचण्या काढल्या, काम खाली ठेवलं, त्यांच्या तोंडाशी कान नेला. आता विचारतील, बोका कधी पोचतोय. किंवा पाणी मागतील, उशी सरकवायला सांगतील. मी पुढच्या शब्दासाठी थांबून राहिले. त्यांनी माझ्या हातातली बाही ओढून शिवण बघितली आणि परत दिली. पुढे काही नव्हतं. नुसती हाक मारली होती.

चिंगी